नातवाचा लॅपटॉप आणि बँकवाल्याचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. अनेक सभासदांनी लेखी मागितल्यामुळे येथे देत आहोत.)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. मी नम्रपणे नाही म्हटलं. मुदत ठेवीबद्दल मी याच सभागृहात इतक्या वेळा बोललो आहे, की मी माईक हातात घेतला की मागच्या रांगेतली मंडळी चहाला उठतात. आज मी बोलणार आहे गेमिंग लॅपटॉपवर. तेही स्वस्तातल्या. हसा, हसा. माझी सूनबाईसुद्धा हसली होती.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बारावीचा निकाल लागून प्रवेशाची गडबड सुरू झाली, की दरवर्षी आपल्याकडचे दोन-चार पालक संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात येऊन बसतात. प्रश्न एकच. पोरगं म्हणतं, साठ-सत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप पाहिजे, अभ्यासाला लागतो. घ्यावा का? आता साठ-सत्तर हजार म्हणजे आपल्या दारव्ह्यात कोणाच्या सोयाबीनचे पैसे असतात, कोणाची मुदतीआधी मोडलेली ठेव असते. म्हणून हा प्रश्न खेळण्याचा नाही, घरातल्या पैशाचा आहे.

मी कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ नाही. मी आयुष्यभर लोकांचे कर्जप्रस्ताव तपासले. हाही एक प्रस्तावच आहे, आणि गेल्या वर्षी तो मी त्याच नजरेनं तपासला. पण त्याच्या पाच वर्षं आधी एक प्रस्ताव मी न तपासताच नामंजूर केला होता. ते आधी सांगतो, कारण तिथे चूक माझी होती.

2019 साली माझ्या मोठ्या नातीला अमरावतीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. लॅपटॉप मी घेऊन देणार, हे मी पेढे वाटतानाच जाहीर करून टाकलं. यवतमाळला दुकानात गेलो. दुकानदारानं तिला अभ्यासक्रम विचारला आणि एक जाडजूड काळा लॅपटॉप पुढे ठेवला. बटणांखाली लाल दिवे. किंमत 62 हजार. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, “काका, आहे गेमिंग लॅपटॉप, पण आर्किटेक्चरच्या मुलांना असाच लागतो.” ‘गेमिंग’ हा शब्द कानावर पडला आणि माझं पुढचं ऐकणं बंद झालं. मी म्हटलं, आम्हाला खेळायचं नाही, शिकायचं आहे. मग 38 हजारांचा एक सडपातळ, चंदेरी, दिसायला सोज्वळ लॅपटॉप घेतला आणि 24 हजार वाचवल्याचं समाधान घेऊन घरी आलो. नात काही बोलली नाही. मी त्याला होकार समजलो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती घरीच होती. रात्री दोन वाजता मला जाग यायची, तर तिच्या खोलीत दिवा. पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरतंय आणि ही हातावर डोकं टेकवून बसलेली. मी म्हणायचो, बेटा, दिवसा करत जा ना अभ्यास.

गेल्या वर्षी धाकट्या नातवाला नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्यानं 78 हजारांचा गेमिंग लॅपटॉप हेरून ठेवला होता. मी उसळलोच. खेळायला 78 हजार? नात तेव्हा नुकतीच पदवी घेऊन आली होती, जेवायला बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “आबाजी, मलापण तुम्ही दुकानात हेच म्हटलं होतं.”

मग हळूहळू सगळं निघालं. त्या चंदेरी लॅपटॉपवर साधे नकाशे निघत. पण इमारतीचं रंग, ऊन, सावली यांसह खरं वाटावं असं चित्र काढायचं, ज्याला ते रेंडरिंग म्हणतात, ते सुरू केलं की तासन्‌तास लागत आणि शेवटी मशीन अडकून पडे. तिसऱ्या वर्षापासून ती मैत्रिणीच्या खोलीवर जायची. मैत्रीण झोपली की तिचा लॅपटॉप रिकामा व्हायचा. रात्री एक ते चार ही माझ्या नातीची कामाची वेळ. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, “तुम्ही पेढे देताना सगळ्यांना सांगितलं होतं ना, लॅपटॉप मी घेऊन देतोय म्हणून.”

मंडळी, बँकेत असताना माझ्या हातून चुका झाल्या, त्या ऑडिटमध्ये सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. ही चूक पाच वर्षं कोणत्याच ऑडिटमध्ये आली नाही.

तेव्हा ठरवलं, या वेळी आधी समजून घ्यायचं. नात आणि नातू दोघांना समोर बसवलं, वही घेतली आणि विचारायला सुरुवात केली. त्यातून मला जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

गेमिंग लॅपटॉप म्हणजे काय? प्रत्येक लॅपटॉपला एक मुख्य मेंदू असतो, प्रोसेसर. तो हुशार शाखाधिकाऱ्यासारखा, गुंतागुंतीची कामं झटपट निपटणारा. गेमिंग लॅपटॉपमध्ये दुसरा एक मेंदू वेगळा बसवलेला असतो, ग्राफिक्स चिप. ती म्हणजे हजार पोरांची शाळा. एकेका पोराला एकेक सोपं गणित दिलं आणि सगळ्यांकडून एकदम सोडवून घेतलं. हे कशाला लागतं? साध्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाखांच्या वर जातात. खेळात हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा नव्यानं रंगवावे लागतात. तीच चिप इमारतीची सावली रंगवते, व्हिडिओ जोडते, आणि आज ज्याची चर्चा आहे ती कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायलाही तीच जातीची चिप लागते. म्हणजे ‘गेमिंग’ हे त्याचं दुकानातलं नाव झालं. ट्रॅक्टरला आपण ट्रॅक्टरच म्हणतो, मग तो नांगरायला लावा की लग्नाच्या वरातीला.

पण ही चिप महाग असते. साठ-सत्तर हजारांत ती बसवायची, तर बाकी कुठेतरी कात्री लावावीच लागते. दुकानातल्या पाटीवर काय दिलं ते मोठ्या अक्षरांत असतं, काय कापलं ते कुठेच नसतं. ताळेबंदाला दोन बाजू असतात. पाटीला एकच असते. दुसरी आपण लिहायची.

पहिली कात्री पडद्याला. पाटीवर लिहितात 144 हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकतो. खेळणाऱ्याला हे फार प्रिय. पण त्याच पडद्याची उजळपणाची मोजणी बहुतेक वेळा 250 निट्सच्या आसपास असते, आणि रंगांच्या रकान्यात ‘45 टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरांत असतं. याचा अर्थ रंग फिके आणि व्हरांड्यातल्या उजेडात पडदा अंधूक. नातवाला प्रोग्राम लिहायचे, त्याचं यात अडत नाही. नातीसारखं रंगांचं काम असेल तर मात्र अडतं. दोघांचं मशीन वेगळं असायला हवं, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

दुसरी कात्री बॅटरीला. या किमतीत बॅटरी साधारण 50 वॅट-तासांची मिळते. हा हिशेब चौथीतला आहे. नुसतं लिहिणं-वाचणं चालू असेल आणि मशीन 10 वॅट खात असेल, तर पाच तास. जोरात काम लावलं आणि 60 वॅट खायला लागलं, तर तासही पुरता नाही. शिवाय वायर काढली की मशीन स्वतःच आपली ताकद कमी करतं, कारण बॅटरी एवढा जोर देऊ शकत नाही. म्हणजे हा लॅपटॉप असला तरी पूर्ण ताकद हवी तेव्हा भिंतीला बांधलेलाच. वजन सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर. ज्याला दिवसभर चार वर्गांतून फिरायचं आहे त्यानं हे आधी पाठीवर घेऊन पाहावं.

तिसरी बाब आपल्या विदर्भासाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे उष्णता. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात मशीन वापरायचं तापमान 35 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. आतली चिप शंभर अंशांच्या जवळ गेली की जळू नये म्हणून आपोआप मंदावते. म्हणजे पैसे दिले घोड्याचे आणि भर उन्हाळ्यात चालतोय तो टांग्यासारखा. स्वस्त मशीनमध्ये पंखे आणि तांब्याच्या नळ्या कमी असतात, तिथे हे लवकर होतं. आणि आपण काय करतो? लॅपटॉप कुलरसमोर ठेवतो. कुलरची हवा ओली, वर पाण्यातला क्षार. ती ओल आणि तो क्षार पंख्यावाटे आत जातो. त्यातून दिवाळीनंतर अनेकांच्या घरी एका खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो. त्याचं तूस त्या पंख्याच्या जाळीत असं बसतं, की उशीत भरल्यासारखं. तेव्हा अशा खोलीत हे मशीन चालवू नये, गादीवर किंवा मांडीवर ठेवू नये, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यावं. घरचं अर्थिंगही तपासा. मशीनच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर आधी वायरमनला बोलवा.

चौथी कात्री मेमरीला. अनेकदा 8 जीबीची एकच पट्टी दिलेली असते आणि दुसरी जागा रिकामी. एका पट्टीपेक्षा दोन पट्ट्या असल्या, की माहितीची ये-जा दोन रस्त्यांनी होते आणि तेच मशीन चांगलं धावतं. विचारायचं ते हे, की दुसरी पट्टी नंतर बसवता येते का? काही सडपातळ मशीनमध्ये मेमरी डाखून टाकलेली असते, तिथे नंतर काहीच करता येत नाही.

पाचवी कात्री सगळ्यात छुपी. ग्राफिक्स चिपचं नाव एकच, पण तिला किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाची आरटीएक्स 4050 ही लॅपटॉपची चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीवरही चालवता येते. नाव तेच, स्टिकर तोच, काम वेगळं. हे ऐकल्यावर मला आपली शकुंतला आठवली. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणाऱ्या गाडीचं वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं आणि डिझेलचं आलं. लोकांना वाटलं, आता गाडी पळणार. पण रूळ तेच, अडीच फुटी अरुंद. गाडी शेवटपर्यंत शकुंतलाच राहिली. म्हणून इंजिनाचं नाव विचारल्यावर रूळही विचारायचा, ‘याला वॅट किती?’ दुकानदार गडबडला तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहायचं.

मग दुसरे पर्याय नाहीत का? आहेत. तेवढ्याच पैशात टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला, तर ताकद जास्त, थंडही राहतो, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. ज्याचं मूल घरी राहून शिकणार त्यानं आधी याचाच विचार करावा, फक्त वीज गेली की काम पडू नये म्हणून यूपीएसचा खर्च धरावा. होस्टेलवर जाणाऱ्याला ते जमत नाही. दुसरा पर्याय, 40-45 हजारांचा साधा हलका लॅपटॉप. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत सी, जावा, पायथॉन शिकतात. ते साध्या मशीनवर व्यवस्थित चालतं. हे मला कोणी सांगितलं असेल? नातवानंच. पण ते नंतर सांगितलं. त्याची गोष्ट पुढे येते.

आता पैशाचं, म्हणजे माझ्या घरचं. दुकानात ‘नो-कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. मी जन्म बँकेत काढला. बिनव्याजी पैसा मी फक्त सासऱ्यांकडून ऐकला आहे. रिझर्व्ह बँकेनं 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. आता होतं काय, समजा 66 हजारांची वस्तू आणि साडेपाच हजारांचे बारा हप्ते. बँकेचं व्याज समजा 15 टक्के. तर बँकेच्या पुस्तकात मुद्दल सुमारे 60,900 आणि व्याज सुमारे 5,100 असतं. तेवढ्या व्याजाची सूट विकणारा देतो, म्हणून बेरीज 66 हजारच दिसते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे नऊशेच्या वर, ते आपण भरतो, आणि प्रक्रिया शुल्क असेल तर तेही. तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा, “रोख दिले तर ही पाच हजारांची सूट मला द्याल का?” मी विचारला. पूर्ण दिली नाही, पण काही दिली.

आणि घसारा विसरू नका. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दरवर्षी 40 टक्के घसारा धरतात. 66 हजारांचं मशीन पहिल्या वर्षाअखेर 39,600, दुसऱ्या वर्षी 23,760, आणि चौथ्या वर्षाअखेर साडेआठ हजारांवर येतं. सोनं घेतल्यासारखं पुढच्या पिढीसाठी म्हणून लॅपटॉप घेऊ नये. ट्रॅक्टरच्या कर्जाला आम्ही विचारायचो, वर्षात किती तास चालणार? हजार तास तरी काम पाहिजे. तसंच इथे धरा. रोज पाच तास, चार वर्षं, म्हणजे 7,300 तास. 66 हजार भागिले 7,300, तासाला साधारण नऊ रुपये. हे परवडतं. पण दीड तासच वापर असेल, तर तासाला तीस रुपये.

इतकं सगळं वहीत लिहून झालं. आता प्रस्तावाचा पहिला रकाना, ‘कर्जाचा हेतू’. नातवाला म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंगचा अभ्यास.’ झकास इंग्रजीत लिहिलं. मी त्या ओळीकडे पाहत राहिलो, आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा एक गोठा आठवला.

तेव्हा मी फील्ड ऑफिसर होतो. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला बैलजोडीसाठी कर्ज दिलं होतं. पाहणीला गेलो. गोठ्यात जोडी उभी, शिंगं रंगवलेली, छान. मी वहीत नोंद केली. तीन घरं पुढे दुसऱ्या कर्जदाराकडे गेलो, तर थोड्या वेळानं त्याच्या गोठ्यात तीच जोडी. एका शिंगाचं टोक मोडलेलं होतं, म्हणून ओळखलं. मी परत फिरलो आणि पहिल्या शेतकऱ्याला विचारलं. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सायेब, पोरीचं लगन होतं. तुमच्या फारमावर लगनाले जागाच नोती.”

ते खातं थकलं. बैल नव्हते, म्हणून मशागत नीट नाही, म्हणून पीक नाही, म्हणून हप्ता नाही. पुढे मी बरीच थकलेली खाती पाहिली. हेतू फालतू म्हणून बुडालेली फार थोडी. हेतू लपवला म्हणून बुडालेली पुष्कळ. कारण लपवलेल्या हेतूसाठी कर्ज किती द्यायचं, कसं फेडायचं, याचा विचारच कोणी केलेला नसतो. आणि त्यात सगळी चूक त्या माणसाचीच होती, असं आज मला म्हणवत नाही. फॉर्ममध्ये जागा नव्हती, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

मी ही गोष्ट नातवाला सांगितली. वहीत ‘हेतू’ खाली आणखी एक ओळ मारली आणि म्हटलं, ही जागा तुझ्या लगनाची. त्यात खरं ते लिही.

तो हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, “आबाजी, खरं सांगू का? पहिली दोन वर्षं साध्या लॅपटॉपवरपण भागेल. मशीन लर्निंगचं शिकायला तर इंटरनेटवर दुसऱ्यांची मोठी मशीनं फुकट वापरता येतात. मला व्हॅलोरंट खेळायचं आहे. आम्ही शाळेतले पाच जण. एक पुण्याला चालला, दोघं अकोल्याला, एक इथेच राहणार. रात्री एक तास सगळे मिळून खेळायचं असं ठरलं आहे. खेळताना कानाला लावून बोलता येतं.”

मी गप्प झालो. आमच्या लहानपणी पारावर बसणं होतं. शाखेत असताना संध्याकाळी रोकड जुळली की स्टँडवर चहा होता. या पोरांचा पार आता चार गावांत विखुरला आहे. त्यात काही गुन्हा नाही.

आणि गंमत पाहा. हेतू खरा सांगितला तसा हिशेबच बदलला. नातीनं विचारलं, “अरे, व्हॅलोरंटच ना? तो तर हलका गेम आहे, त्याला 4050 कशाला?” कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव घेतलं, की कितीही मोठं मशीन कमीच वाटतं. एका तासाच्या व्हॅलोरंटला एक पायरी खालची, 3050 ची 6 जीबीवाली चिप भरपूर होती. 78 हजारांवरून आम्ही 66 हजारांवर आलो. उरलेल्या बारा हजारांतून वॉरंटी एकाची तीन वर्षं केली, कारण बिघडलं तर आपल्याला यवतमाळ-नागपूरच्या खेपा घालाव्या लागतात. एक स्टँड घेतला, एक बरी पाठपिशवी घेतली, आणि थोडे पैसे उरले. दुसऱ्या 8 जीबीची पट्टी त्याच्या ताईनं पहिल्या पगारातून आणून दिली.

साधा 45 हजारांचा का घेतला नाही, असं कोणी विचारेल. विचारावं. 21 हजार जास्त गेले ते मुख्यतः खेळासाठी गेले, हे मी वहीत तसंच लिहिलं आहे. अभ्यासाच्या नावावर टाकलेले नाहीत. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रकल्पाला ती चिप कामी येईल, पण तो बोनस, मुद्दल नव्हे. ज्या घरात हे 21 हजार फीमधून किंवा बियाण्यामधून काढावे लागणार असतील, त्या घरानं साधाच घ्यावा आणि पोरानं कमीपणा मानू नये.

आता वर्षभराचा अहवाल. पडदा खरंच फिका आहे. बॅटरी वर्गात तीन तासांवर जात नाही, म्हणून तो वही घेऊन जातो, जे मला आवडलं. पंखा जोरात फिरतो तेव्हा होस्टेलमधला खोलीसोबती ओरडतो. हे सगळं आम्हाला आधीच माहीत होतं, म्हणून फसवणूक वाटली नाही. तडजोड आणि फसवणूक यांत मला तरी एवढाच फरक दिसतो.

आणि एक गोष्ट माझ्या मनाविरुद्ध झाली. पहिल्या सत्रात त्याचा गणिताचा पेपर राहिला. निकाल लागला त्या संध्याकाळी त्यानं मला फोन केला. बापाला करायच्या आधी मला. म्हणाला, “आबाजी, एक तासाचे तीन तास झाले होते. मी आता शनिवार-रविवारीच खेळतो.” मी रागावलो का? थोडा रागावलो. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. जो कर्जदार हप्ता चुकायच्या आधी स्वतः शाखेत येऊन सांगतो, त्याचं खातं सहसा बुडत नाही. पुढच्या परीक्षेत तो पेपर निघाला.

राहता राहिली नात. मी तिला म्हटलं, तेव्हाचे 24 हजार माझ्याकडे तुझे निघतात, घे. ती म्हणाली, “आता ऑफिसनं दिला आहे ना, आबाजी.” आता तिला चांगलं मशीन आहे, रात्री वेळेवर झोपते. पण गेलेल्या रात्री मी कोणत्या खात्यात जमा करणार? ज्याला खरी गरज होती तिनं मागितलं नाही, आणि ज्याला तेवढी गरज नव्हती तो मोठ्यानं मागू शकला. असं का झालं, याचा विचार मी अजून करतो आहे. आपल्या ले-आउटमधल्या आजी-आजोबांनीही करावा. पोरगी गप्प बसली म्हणजे होकार समजू नका. तिला दोनदा विचारा.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. प्लॉट घेतले तेव्हा आपण एकेका विटेचा भाव केला होता. आता घरं उभी आहेत आणि आतली मुलं बाहेर चालली आहेत. त्यांच्या हातात काय द्यायचं, हा भाव नुसता दुकानदाराशी करून चालणार नाही, आधी घरात बसून करावा लागेल. अभ्यासक्रम कोणता, राहणार कुठे, रंगांचं काम आहे का, रोज किती तास, आणि खेळायचं आहे का, हे पाच प्रश्न कागदावर मांडा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका. त्याला तुमच्या फॉर्मवर जागा द्या.

पुढच्या जूनमध्ये ज्यांना यायचं त्यांनी खुशाल माझ्या व्हरांड्यात यावं. येताना दोन गोष्टी आणा, वही आणि पोराला किंवा पोरीला. चहा माझ्याकडे.